पेंढ्याचं चाक

झोडणी सुरू झाली की आमच्याकडं सगळ्यांना हुरूप येतो. मला धडकी भरते. खळ्यावर पेंढ्याचा ढीग वाढायला लागला की कुणाचं लक्ष नाही असं बघून मी त्यात कोपरापर्यंत हात घालतो. आत गार लागलं तर हात काढतो आणि गप्प बसतो. जरा कोमट लागलं तर ओरडतो, "पसरा हे सगळं! उन्हात पसरा!" सुना तोंडाला पदर लावून हसतात. म्हाताऱ्याला पेंढ्याचं याड लागलंय म्हणतात. म्हणू देत. त्यांनी ओल्या पेंढ्याचा ताप अंगावर घेतलेला नाही.

ओला पेंढा दाबून ठेवला की आतून तापतो. वर ऊन नको, शेजारी विस्तव नको. बाहेरून बघाल तर पिवळाधमक, आणि आत हात घातला तर चटका. दोन-तीन दिवस तसाच राहिला तर धूर. हे इकडच्या शेतकऱ्याच्या पोराला चालायला लागल्यापासून ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. म्हणून तर हे लिहायला इतकी वर्षं लागली. माहीत नसतं तर केव्हाच लिहून मोकळा झालो असतो.

मी शाळा शिकलो तिसरीपर्यंत. तिसरीतसुद्धा मास्तरांनी हात टेकले. पण मुडा बांधावा तर मी. बियाणाचं भात ठेवायला पेंढ्याचा गोल मुडा बांधतात, वरून पेंढ्याचाच पिळलेला दोर गच्च आवळतात आणि लाकडानं ठोकून ठोकून दगडासारखा करतात. माझा मुडा माडीवरून खाली टाकला तरी दाणा सांडत नसे. खालापुरापासून चौक गावापर्यंत माणसं मला बोलावून न्यायची. आज प्लास्टिकच्या गोणी आल्या. त्यांना उंदीर एका रात्रीत भोक पाडतो. माझ्या मुड्याला नाही पाडलं कधी. असो. बढाई वाटेल, पण पुढं जे झालं ते या बढाईनंच झालं, म्हणून सांगून ठेवतो.

मोठी लढाई संपली तेव्हा मी विशीत होतो. आमचा दादा ब्रह्मदेशात लष्कराच्या लॉऱ्या चालवून परत आला. जाताना पाडाच्या आंब्यासारखा गोल गरगरीत होता, आला तो कारवीच्या वाळल्या काटकीसारखा. उजव्या कानानं ऐकायला कमी येई. पण चाकावर बसला की त्याचं अंग बदलायचं. खांदे सैल पडायचे, ओठ जरा पुढं यायचे, शीळ घातल्यासारखे. शीळ मात्र वाजायची नाही.

त्याच सुमाराला लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या. आमच्या भागात एक कोळशाचे ठेकेदार होते, सगळे त्यांना शेट म्हणत. त्यांनी एक जीप आणली आणि तिच्यामागं जोडायचा दोन चाकांचा ट्रेलर. बैलगाडी जिथं अडेल तिथं ती जीप चढायची. चौकाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी कोळशाच्या भट्ट्या होत्या. तिथून कोळसा भरून खाली खोपोलीला आगगाडीच्या डब्यापर्यंत न्यायचा, हे काम. दादा ड्रायव्हर. मी भरणारा, उतरवणारा आणि चाकं बघणारा.

चाकं बघणारा म्हणजे दिवसभर चाकंच बघायची. गाडी लष्करात म्हातारी झालेली. टायर टक्कल पडल्यासारखे गुळगुळीत. ट्यूबवर ठिगळ, ठिगळावर ठिगळ. जंगलच्या वाटेला तोडलेल्या कारवीचे खुंट भाल्यासारखे उभे, आणि वर करवंदीचे काटे. टायरला भोक पडलं की आत जुन्या टायरचा तुकडा, गेटर, बसवायचा. ट्यूब दगडाच्या डोणीतल्या पाण्यात बुडवायची आणि बुडबुडा कुठून निघतो ते बघत राहायचं. थंडीत हात काळेनिळे पडायचे. एक बुडबुडा बंद केला की शेजारून दुसरा. नवी ट्यूब मिळता मिळत नव्हती. शेटना विचारलं की ते म्हणायचे, "अरे, माणसाला कापड मिळेना, तू गाडीला आतडी मागतोस!"

पण ट्यूब गळते याची मला भीती नव्हती. भीती होती फुटण्याची. ऊन चढलं, चढण आली, की एखादी ट्यूब फाडकन जायची. तो आवाज झाला की दादा गाडीत नसायचा. जमिनीवर पालथा पडलेला असायचा, दोन्ही हात डोक्यावर. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा भट्टीवरची माणसं हसली. दुसऱ्यांदा कुणी हसलं नाही. दादा उठायचा, कपडे झाडायचा आणि काही झालंच नाही असा चाकाचे नट सोडायला बसायचा. मी पान्याखाली हात धरायचो, नट खाली पडू नये म्हणून.

लढाईत त्यानं काय बघितलं ते त्यानं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. पण त्याला न फुटणारं चाक द्यायचं असं मी मनाशी धरलं. कार्तिकात एक दिवस मागचं डावं चाक कामातून गेलं. ट्यूबला ठिगळ लावायला जागा उरली नाही. शेट म्हणाले आता गाडी उभी करा. मी म्हणालो, "उभी कशाला? हवा नसली तर नसली. मी त्यात मुडा बांधतो."

शेट हसले. आई तर पोट धरून हसली. म्हणाली, "गाडीला पेंढा घालतोस तर जरा आंबोण बी दे. शेण पडलं तर मला सांग, गवऱ्या थापीन!"

मी ऐकलं नाही. त्या चाकाची रिम दोन पाळ्यांची होती, नट काढले की दोन्ही पाळ्या वेगळ्या व्हायच्या. गेल्या सालचा पेंढा घरात होता, खडखडीत वाळलेला. त्याचा मनगटाएवढा दोर पिळला, टायरच्या आत फेऱ्यांवर फेरे घातले, लाकडानं ठोकून ठोकून बसवले आणि दोघांनी मिळून पाळ्या आवळल्या. गाडी चालली. धबधब आवाज करत, लंगड्या म्हशीसारखी, पण चालली. चढण चढली. आणि फुटली नाही. दादा खाली उतरला, चाकावर थाप मारली आणि त्या शीळ घालायच्या ओठांनी पहिल्यांदा मोठ्यानं हसला. "आयला, कारागीर हाईस रं तू!"

माझ्या आयुष्यात मला मिळालेलं हे एकच प्रशस्तिपत्र. अजून कानात आहे.

त्या मोसमाचं मला सगळं आठवतं. भात निघाल्यावर ओल्या खाचरात पेरलेले वाल, त्यांची दोन पानं उघडलेली. सकाळी नदीवर पसरलेलं धुकं, त्यातून फक्त बगळ्यांच्या माना दिसायच्या. डोंगरावरचं गवत वाळून डोक्याइतकं उंच उभं, वारा आला की एकाच वेळी सगळं सळसळायचं. तेव्हा आम्हाला वाघराचं भय होतं, सापाचं होतं, वणव्याचं होतं. ही भयं बाहेरची. माणूस चार माणसांत त्यांच्याबद्दल बोलू शकतो. काठी घेऊ शकतो. आपल्या हातानं केलेल्या गोष्टीचं भय आलं तर काठी कुणावर उगारायची?

पेंढ्याचं चाक पंधरा दिवस टिकलं. मग पेंढ्याचा भुगा झाला, टायर खाली बसला. नवा पेंढा भरायला हवा. गेल्या सालचा संपला होता, गुरांनी खाल्ला, उरला तो छपरावर गेला. खळ्यावर होता तो दोन दिवसांपूर्वी झोडलेला, दवानं भिजलेला. शेटची घाई. आगगाडीच्या डब्याचा दिवस ठरलेला. मी बसलो दोर पिळायला. नवा पेंढा चरचरीत, पिळताना तुटतो. मुडा बांधणारा काय करतो? ओंजळभर पाणी शिंपडतो. पेंढा मऊ होतो, पीळ बसतो. मुड्याला पुढं वारा लागतो, ऊन लागतं, चार दिवसांत तो वाळतो. माझ्या हाताला ती सवय. हात तांब्यात गेला, पाणी शिंपडलं गेलं. एकदा नाही, दोरभर. आणि तो ओला दोर मी रबराच्या आत, वारा नाही ऊन नाही अशा जागी, ठोकून ठोकून बसवला. नट आवळताना मनात आलं होतं. खोटं कशाला बोलू? मनात आलं, की हे तापणार. लगेच दुसरं आलं, की एका दिवसात गाडी जाऊन येईल, मग बघू.

पण भट्टी निवली नव्हती. गाडी दोन दिवस उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी पुसायला गेलो. दव पडलेलं. पत्र्याला हात लावला तर हाड गारठावं असा पत्रा. पुढची दोन्ही चाकं गार. उजवं मागचं गार. डाव्याला हात लावला आणि हात तसाच राहिला. तापलेल्या पोराच्या कपाळासारखं ते चाक होतं. कान लावला. काही आवाज नाही. फक्त आंबूस वास, गुरांच्या गोठ्यात खालच्या थरातून येतो तसा.

त्या जीपचं चाक, म्हणजे ड्रायव्हरनं हातात धरायचं चाक, डाव्या अंगाला होतं. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बैठकीखाली. म्हणजे दादा पेट्रोलवर बसायचा आणि त्याच्या मागं हातभर अंतरावर हे चाक. मी तिथं उकिडवा बसून राहिलो. पाच मिनिटांचं काम होतं. तोंड उघडायचं आणि सांगायचं, पेंढा काढायला लागेल. शेट ओरडले असते. आई हसली असती. बस्स, इतकंच झालं असतं.

दादा आला. मफलर गुंडाळत विचारलं, "सुका हाय ना रं पेंढा?"

"हाय की," मी म्हणालो. "मी भरलाय."

मी भरलाय म्हटल्यावर त्याला पुरेसं होतं.

वर जाताना काही झालं नाही. भट्टीवर पोती भरली. कोळसा भरताना एक गोष्ट बघावी लागते. एखादा तुकडा आत धगधगत राहिलेला असतो, वरून काळा, आत लाल. पोत्यात गेला तर वाटेत पोतं पेटतं. ते बघायचं काम दादाचं. तो प्रत्येक पोत्यावर तळहात धरून उभा राहायचा, मगच तोंड शिवायचं. त्या दिवशीही त्यानं तसंच केलं. मी त्याच्या तळहाताकडं बघत होतो. इतक्या जपणाऱ्या माणसाला मी "हाय की" म्हणालो होतो.

उतरताना मी ट्रेलरमध्ये पोत्यांवर बसलो. समोर ते चाक. दुसरं काही दिसतच नव्हतं मला. धबधब, धबधब. दोन्ही बाजूंना उंच वाळलेलं गवत, मधून एका गाडीपुरती वाट. आधी मला वाटलं धूळ उडतेय. मग वाटलं धुकं राहिलंय. माणूस स्वतःला किती फसवू शकतो त्याची मोजदाद नाही. रिमच्या फटीतून पांढरी दोरी निघावी तसा धूर निघत होता, आणि मी धुकं म्हणत होतो. दुपारच्या बाराला.

मग करपलेल्या रबराचा वास आला आणि माझा आवाज फुटला. "दादा! दादा रं!" इंजिनाचा आवाज, त्याचा तो कान. ऐकू जाईना. मी पोतं फाडलं आणि कोळशाचा तुकडा त्याच्या पाठीवर मारला. मागं न बघताच तो ओरडला, "मस्ती करू नगो!" दुसरा मारला, मानेवर. तेव्हा वळून बघितलं.

त्याचा चेहरा मला दिसला. घाबरलेला नव्हता. आवाज झाला की पालथा पडणारा माझा भाऊ, धूर बघून शांत झाला. त्यानं दोन्ही बाजूंचं गवत बघितलं. इथं थांबलो तर डोंगर पेटेल, डोंगराखालच्या झोपड्या पेटतील, हे त्याला एका नजरेत कळलं असणार. खाली वळणापलीकडं ओढ्यात कोंड होती, उन्हाळ्यातही न आटणारी, छातीभर पाण्याची. तो ओरडला, "उडी टाक!"

"तू बी टाक!"

"उडी टाक म्हनतो ना तुला!"

मी टाकली. गडगडत गवतात गेलो. उठलो तोवर गाडी, ट्रेलर आणि दादा वळणाच्या पलीकडं गेले होते.

मी धावणार होतो. दोन पावलं टाकली आणि बघितलं, तर वाटेवर जागोजाग पेंढ्याच्या जळत्या चिमट्या पडलेल्या. टायर फाटून चाक त्या टाकत गेलं होतं. एकीच्या शेजारचं गवत चरचर करायला लागलं होतं. मी ती पायानं विझवली. पुढं दुसरी. पुढं तिसरी. पायात काही नव्हतं. एक विझवावी तर पुढची धुमसायची. माझा भाऊ वळणाच्या पलीकडं पेट्रोलवर बसलेला, आणि मला त्याच्याकडं धावता येईना. मी नाचल्यासारखा त्या वाटेवर पाय आपटत होतो आणि कान पुढं लावून होतो. एकाच आवाजाची वाट बघत होतो. तो येऊ नये म्हणून ओरडत होतो, म्हणजे आला तरी मला ऐकू येणार नाही. आयुष्यात तेवढं भय मला परत कधी वाटलं नाही. बायको गेली तेव्हाही नाही.

आवाज आला तो वेगळाच. तापलेल्या तव्यावर घागर उपडी करावी तसा. मग काहीच नाही. एक खंड्या ओरडला.

वळणावर पोचलो. कोंडीतून वाफ वर चढत होती. जीप बैठकीपर्यंत पाण्यात, ट्रेलर तिरका, पाणी शाईसारखं काळं. दादा जागच्या जागी बसलेला, पाणी कमरेला. चाक धरलेले हात सुटेनात. मी पाण्यात उतरलो आणि त्याचं एक एक बोट सोडवलं. मांडीच्या मागं कातडी गेली होती, ते नंतर कळलं.

तो म्हणाला, "निखारा व्हता रं. कुठल्या तरी पोत्यात निखारा ऱ्हायला. त्योच उडून चाकावर पडला. मीच नीट बघितला नाय."

मी म्हणालो, "असंल."

दादानं त्यानंतर गाडी चालवली नाही. शेट घरी आले, समजावलं, दुसरी गाडी देतो म्हणाले. दादा म्हणाला, "ज्याला पोत्यातला निखारा कळत नाय त्यानं गाडीवर बसू नये." खोपोलीला कारखाने आले, साजगावला आले, ड्रायव्हरला मागणी आली. त्याच्या हाताखाली शिकलेली माणसं ट्रक घेऊन पार मद्रासपर्यंत गेली. दादानं नांगर धरला. वाईट शेती नाही केली. पण हमरस्त्यावरून गाडी गेली की त्याचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा, मातीत. मी बघायचो आणि दुसरीकडं बघायचो.

आता तो ऐंशीच्या पुढं आहे. मी त्याच्या मागं चार-पाच वर्षं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं तो करून घेत नाही. आमची घरं भिंतीला भिंत लागून. दरवर्षी झोडणीच्या दिवसांत तो नातवंडांना ती गोष्ट सांगतो. कोळसा कसा बघावा, निखारा कसा लपतो, आजोबा कसा चुकला. यंदा त्याची धाकटी पणती होती, पाच वर्षांची. ती म्हणाली, "पणजोबा, तुम्ही नीट का नाय बघितलं?" आणि दादा तिला समजावायला लागला, आपली चूक, पहिल्यापासून. मी शेजारी बसलो होतो.

पोर खेळायला गेल्यावर मी सांगितलं. सगळं. दवात भिजलेला पेंढा, तांब्यातलं पाणी, सकाळचं गरम चाक. त्याच्या डाव्या कानाशी जाऊन सांगितलं, म्हणजे ऐकलं नाही असं व्हायला नको.

त्यानं काठी घेतली आणि घरात गेला. दोन दिवस आमच्याकडं चहाला आला नाही. भिंतीपलीकडं त्याचं खोकणं ऐकू यायचं, तेवढंच. मी दोन दिवस भिंतीला टेकून बसलो. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

परवा सकाळी माझ्या थोरल्यानं पेंढा भरायला टेंपो खाचरात घातला होता. दादा काठी टेकत बांधावरून आला, कुणाशी न बोलता टेंपोचं दार उघडलं, वर चढताना दोनदा घसरला, कुणाचा हात घेतला नाही. चाकामागं बसला. मग खिडकीतून हात बाहेर काढला, तळवा वर.

"किल्ली दे रं."

थोरला माझ्याकडं बघायला लागला. "आप्पा, काका किल्ली मागतायत. काय करू? दिसतंय का त्यांना?"

समोर मोकळं खाचर, त्यापलीकडं बांध, बांधापलीकडं ओहोळ. सुना झोडायच्या थांबल्या.

"दे," मी म्हणालो.

आणि दुसऱ्या बाजूनं दार उघडून त्याच्या शेजारी जाऊन बसलो. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. पायानं क्लच चाचपला, सापडला, दाबला. ओठ जरा पुढं आले. मी दोन्ही हातांनी पुढची दांडी धरली आणि डोळे मिटायचे नाहीत असं ठरवलं. टेंपो एक हिसका देऊन पुढं निघाला.